उत्तर प्रश्नाखालीच लिहा, छापा मात्र हवं तिथे

सरावपुस्तिकेत शुद्धलेखनाच्या चार चुका निघाल्या तरी पोरं त्या खपवून घेतात. उत्तरसूची एका घराने सरकलेली असली तर मात्र अख्खी पुस्तिका वाया जाते, आणि ते लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात बाजारातून आणलेल्या एका मार्गदर्शक पुस्तकाचं असंच झालं होतं. नव्या आवृत्तीत सातवा प्रश्न गाळलेला, पुढचे सगळे प्रश्न एकेक पायरी वर आलेले, आणि मागची उत्तरसूची जुनीच. आठवीतल्या एका मुलीने नफा-तोट्याचं गणित बरोबर सोडवलं, मागे पाहिलं, खोडलं, पुन्हा सोडवलं. पुन्हा तेच उत्तर आलं. शेवटी वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘सर, मी चुकली का पुस्तक चुकलं?’ खोडून खोडून वहीचा कागद त्या जागी पातळ झाला होता.

गणित कुणाचंच चुकलं नव्हतं. चूक होती अक्षरजुळणीत, म्हणजे मजकूर पानावर बसवण्याच्या कामात. प्रश्न आणि त्यांची उत्तरं छापील कागदावर कशी मांडायची, हा विषय वरवर कारकुनी वाटतो. पण शाळेसाठी चाचणी, सरावसंच किंवा सुटीतला अभ्यास तयार करणाऱ्या प्रत्येकाला तो भिडतोच. छापखान्यात शिकलेल्या माणसांनी आणि गणितज्ञांनी यावर बराच विचार करून ठेवला आहे. तो आपल्या केंद्रशाळेच्या संगणकावर कसा वापरता येईल, ते सांगतो.

बहुतेक जण काय करतात? वर्डमध्ये एक फाइल करतात, ‘आठवी गणित सराव’. दुसरी करतात, ‘आठवी गणित सराव उत्तरे’. पहिल्या दिवशी दोन्ही एकमेकींना धरून असतात. मग शिक्षण परिषदेत कुणी सुचवतं की तिसरा प्रश्न फारच सोपा आहे, काढून टाका. पहिली फाइल तिथल्या तिथे सुधारली जाते. दुसरी घरी जाऊन सुधारू म्हणून राहते, तेवढ्यात लाईन जाते, आणि दुसऱ्या दिवशी पोषण आहाराच्या नोंदी समोर असतात. महिन्याभरात कोणती उत्तरं कोणत्या प्रश्नांची, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. माणूस निष्काळजी असो वा नसो, दोन ठिकाणी लिहिलेली गोष्ट आज ना उद्या फुटतेच.

उपाय असा की उत्तर प्रश्नाच्या लगेच खाली, त्याच फाइलीत लिहायचं आणि ‘हे उत्तर आहे’ अशी त्याला खूण करून ठेवायची. ते कुठे छापायचं, किंवा छापायचंच नाही, हे फाइलीच्या डोक्यावर एका ओळीत सांगायचं. आपल्याकडे कापूस शेतातून सरकीसकटच येतो. जिनिंगमध्ये गेल्यावर रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. वेचणाऱ्या बाईला कुणी सरकी काढत बसायला सांगत नाही. प्रश्न लिहिणाऱ्या शिक्षकानेही ते काम यंत्रावर सोडावं.

ही युक्ती आजची नाही. डोनाल्ड नूथ हे अमेरिकेतले मोठे संगणकशास्त्रज्ञ. शिशाच्या खिळ्यांची जुळणी मागे पडून फोटोवर आधारलेली जुळणी आली, तेव्हा त्यांच्याच एका पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्यापुढे आली. गणिताची ती पानं पाहून ते वैतागले आणि १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच ‘टेक’ नावाची जुळणीची प्रणाली लिहायला घेतली. १९८४ मध्ये त्या प्रणालीची माहिती देणारं त्यांचं ‘टेकबुक’ आलं. त्यात जागोजाग स्वाध्याय आहेत आणि उत्तरं मागच्या परिशिष्टात आहेत. पण त्या पुस्तकाची मूळ फाइल उघडून पाहिली की प्रत्येक स्वाध्यायाच्या लगेच खाली त्याचं उत्तर दिसतं. ‘आन्सर’ ही आज्ञा आली की तिथपासून पुढची कोरी ओळ येईपर्यंतचा मजकूर टेक जसाच्या तसा एका वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवतं. सोबत धडा आणि स्वाध्याय क्रमांकही आपणहून लिहितं. परिशिष्टाची पाळी आली की ती फाइल आत ओढून छापतं. नूथ यांना एखादा स्वाध्याय गाळावासा वाटला तर त्याच्यासोबत त्याचं उत्तरही आपोआप जाणार. आमच्या मार्गदर्शकवाल्याने एवढं केलं असतं तर त्या मुलीचं खोडरबर वाचलं असतं.

टेक थेट वापरणं अवघड. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात त्यावर ‘लाटेक’ हा सोपा थर चढवला, आणि जगभरातल्या गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढे त्यावर आपापल्या सोयी रचल्या. उत्तरं वेगळ्या फाइलीत नेणारं ‘आन्सर्स’ हे त्यातलं जुनं पॅकेज. प्रश्नपत्रिकांसाठी मी सर्वांत आधी सुचवेन तो ‘एक्झाम’. तो फिलिप हर्शहॉर्न या गणितज्ञांनी लिहिला. मोठ्या पुस्तकाला ‘एक्ससिम’ बरं पडतं. क्लेमेन्स नीडरबर्गर यांनी आपल्याच आधीच्या ‘एक्सशीट्स’च्या जागी ते २०१७ मध्ये आणलं. त्यात प्रत्येक प्रश्नाला विषयाची चिठ्ठी लावता येते आणि ‘फक्त क्षेत्रफळाचे प्रश्न काढ’ असं सांगता येतं. हे सगळं फुकट आहे. पूर्ण संच उतरवायला काही जीबी डेटा लागतो, तेवढा एकदाच तालुक्याच्या वायफायवर उतरवून आणायचा. पुढे नेट नसलं तरी काम अडत नाही, आणि गावात हीच बाब मोलाची आहे.

‘एक्झाम’मध्ये लिहिताना काय दिसतं? ‘क्वेश्चन’ असं लिहायचं, पुढे चौकटी कंसात गुण, मग प्रश्न. त्याखाली ‘सोल्यूशन’ सुरू, उत्तर, ‘सोल्यूशन’ बंद. क्रमांक आपण टाकायचाच नाही, तो यंत्र टाकतं. वरती ‘प्रिंटआन्सर्स’ ही एक ओळ असली की उत्तरांसकट शिक्षकप्रत निघते. ती ओळ काढली की मुलांची प्रत. गुणांची बेरीजही तेच करतं. वीस गुणांची चाचणी म्हणून वाटलेली आणि एकवीस गुणांची निघालेली प्रश्नपत्रिका प्रत्येक शाळेने एकदा तरी पाहिलेली असते.

तीच फाइल दोनदा का चालवायची

नवशिका इथे गोंधळतो. फाइल चालवली, म्हणजे लाटेककडून तिची छापायची पानं करून घेतली, आणि ‘उत्तर पान ३८ वर पहा’ असं यायचं तिथे दोन प्रश्नचिन्हं आली. काही बिघडलेलं नसतं. लाटेक मजकूर वरून खाली एकाच दमात वाचत जातं. चौथ्या पानावर प्रश्न छापत असताना अडतिसावं पान अजून तयारच झालेलं नसतं, मग त्या उत्तराचा पत्ता त्याला कुठून कळणार? म्हणून पहिल्या फेरीत ते जागा तात्पुरती भरतं आणि कोणती गोष्ट कोणत्या पानावर पडली याची नोंद एका मदतनीस फाइलीत करतं. दुसऱ्या फेरीत आधी ती नोंद वाचतं आणि खरे आकडे टाकतं. आकडे टाकल्याने एखादी ओळ पुढच्या पानावर सरकली तर तिसरी फेरी लागते. एकूण गुणांचंही तसंच आहे. पानाच्या डोक्यावर ‘एकूण गुण २०’ लिहायचे आणि बेरीज व्हायची शेवटच्या प्रश्नानंतर. तेव्हा प्रश्नचिन्हं दिसली की घाबरू नये, पुन्हा चालवावं. एक प्रश्न गाळल्यावर मात्र दोन्ही फेऱ्या झाल्याशिवाय छपाईला पाठवू नये. नोंद जुनी आणि मजकूर नवा राहिला, तर ते त्या मार्गदर्शकासारखंच होतं.

उत्तर किती द्यायचं

बालभारतीची माध्यमिक गणिताची पुस्तकं पाहिली आहेत ना? प्रकरणाच्या पोटात सरावसंच, शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह, आणि पुस्तकाच्या मागे उत्तरसूची. सूचीत फक्त शेवटचं उत्तर असतं, पायऱ्या नसतात. रीत वर्गात शिकवली जाते आणि मागचा आकडा फक्त पडताळा घेण्यासाठी असतो, असा त्यामागचा हिशोब.

आपण स्वतः सराव तयार करतो तेव्हा ‘उत्तर’ या नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि त्यांना चार निरनिराळ्या खुणा कराव्यात. शेवटचा आकडा ही पहिली. दुसरी सूचना, म्हणजे अडलेल्याला एक पाऊल पुढे नेणारं वाक्य. तिसरी सगळ्या पायऱ्यांसकट उकल. चौथी गुणदान, कोणत्या पायरीला किती गुण, जी फक्त तपासणाऱ्यासाठी असते. खुणा वेगळ्या ठेवल्या की एकाच फाइलीतून मुलांची प्रत, पालकांची प्रत आणि तपासणीची प्रत निघते. सगळं एकाच खुणेखाली कोंबलं तर पुढे निवडायला काही उरत नाही. हे काम पहिल्याच दिवशी करावं लागतं. दोनशे प्रश्न लिहून झाल्यावर उत्तरातून सूचना वेगळी काढत बसायची कुणाची हिंमत होत नाही.

गावाकडचा अनुभव इथे माझ्या मतात उतरतो. शहरात पूर्ण उकल छापू नये म्हणतात, पोरं नुसती उतरवून काढतात. खरं आहे. पण कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातली काही पोरं आठ-आठ दिवस मायबापासोबत शेतात असतात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, आणि घरी विचारावं तर विचारायचं कुणाला? त्यांच्यासाठी प्रत्येक प्रकारच्या पहिल्या गणिताची पूर्ण उकल, पुढच्या दोघांना फक्त सूचना, आणि बाकीच्यांना नुसता आकडा, असा उतरता क्रम मी ठेवतो. खुणा नीट असतील तर हे यंत्राला सांगायला क्षणभर लागतो. हातानं करायचं म्हटलं तर एक रविवार जातो.

उत्तर छापायचं कुठे, यावर फार डोकं खपवू नये. लगेच खाली छापलं तर डोळा तिकडे जातोच. पानाच्या तळाशी उलटं छापणं गमतीच्या कोड्यांना शोभतं. चाचणीत ते कुचकामी, कागद फिरवायला कितीसा वेळ लागतो! सरावसंच संपला की पान उलटून मागे, हे प्राथमिकच्या पोरांना झेपतं. पुस्तक जाड असेल तर सगळी उत्तरं शेवटी.

भाव बदलला तर

एक गणित जवळून पाहू.

‘एका शेतकऱ्याने १२ क्विंटल ४० किलो कापूस ७,५२१ रुपये प्रतिक्विंटल या दराने विकला. त्याला किती रुपये मिळाले?’

७,५२१ हा केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला जाहीर केलेला हमीभाव. उत्तर ९३,२६० रुपये ४० पैसे. पुढच्या हंगामाला, २०२५-२६ ला, हाच भाव ८,११० झाला. आमच्या पोरांना भाव तोंडपाठ असतात. जुना आकडा दिसला की ‘सर, हे गेल्या सालचं हाय’ असं कुणीतरी म्हणणारच. बदलायचं तर प्रश्नातला एक आकडा आणि उत्तरातले चार. चारपैकी एक राहतोच.

त्यापेक्षा फाइलीच्या वरती एकदाच लिहायचं की भाव म्हणजे ७५२१ आणि वजन म्हणजे १२.४. प्रश्नात आकड्याच्या जागी ‘भाव’ हे नाव, उकलीत ‘भाव गुणिले वजन’. वरचा आकडा ८११० केला की उत्तर आपोआप १,००,५६४ होतं.

यात तीन खाचा आहेत. पहिली यंत्राची. टेक मुळात लांबी-रुंदी मोजायला बनलेलं आहे, आणि त्याच्या लांबीच्या खात्यात १६,३८३ पॉइंटांच्या (पॉइंट हे छपाईतलं बारीक माप) वर काही मावत नाही. आकृत्या काढण्याच्या एका लोकप्रिय पॅकेजची गणिती सोय नेहमीच्या वापरात याच खात्यावर चालते, म्हणून कापसाची रक्कम तिच्यात घातली की ती ‘माप फार मोठं’ म्हणून हात टेकते. लाटेकच्या गाभ्यात २०२२ पासून ‘एफपीइव्हॅल’ नावाची वेगळी सोय आहे. ती सोळा अंकांपर्यंत नेमका हिशोब करते, ती वापरावी. दुसरी खाच स्वल्पविरामाची. ‘एफपीइव्हॅल’ स्वल्पविराम देतच नाही, आणि ते देणाऱ्या सोयी बहुधा तीन-तीन अंकांवर देतात, मग १,००,५६४ च्या जागी १००,५६४ असं छापलं जातं. पाचवीतलं पोरगं तिथे लाख वाचणार की शंभर हजार? लाख-कोटींची मांडणी मुद्दाम सांगून ठेवावी लागते.

तिसरी खाच यंत्राला कळणारच नाही. पहिल्या भावाने उत्तरात चाळीस पैसे येत होते, म्हणजे दशांश अपूर्णांकाचा कस लागत होता. दुसऱ्या भावाने पूर्ण रुपयेच आले. गणित तेच, पण ज्या गोष्टीसाठी ते घातलं होतं तीच निघून गेली. म्हणून आकडा बदलला की हिशोब यंत्राने करावा आणि गणित शिक्षकाने पुन्हा वाचावं.

अ, ब, क, ड

बहुपर्यायी प्रश्नांत आपल्याकडे पर्यायांना अ, ब, क, ड म्हणतात. यंत्राला देवनागरी अक्षरक्रम मागितला तर ते व्याकरणाला धरून क, ख, ग, घ देतं, नाहीतर अ, आ, इ, ई. इंग्रजी ए-बी-सी-डीच्या जागी बसलेला आपला हा क्रम कुठल्याच वर्णमालेत नाही, त्यामुळे तो एकदा हाताने नोंदवून ठेवावा लागतो.

बरोबर पर्याय मात्र अक्षराने नोंदवू नये. ‘उत्तर: ब’ असं लिहिलं आणि उद्या पर्यायांची अदलाबदल केली, की आला पुन्हा तोच सरकलेला घोळ. ‘एक्झाम’मध्ये बरोबर पर्यायापुढे ‘चॉइस’ऐवजी ‘करेक्टचॉइस’ लिहितात. खूण पर्यायालाच चिकटलेली असते, मग तो कुठेही जाऊन बसो. एका बाकावर तिघे बसतात अशा वर्गात चाचणीचे दोन-तीन संच करायचे असतील तर याचा खरा उपयोग होतो. प्रश्न फिरवा, पर्याय फिरवा, प्रत्येक संचाची उत्तरसूची बरोबर निघते. फक्त ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय फिरवू नये, तो पहिल्या क्रमांकावर गेला तर ‘वरील’ कोण?

कागद, रेघा, जागा

मुलांच्या प्रतीत उत्तरासाठी जागा सोडायची असते, शिक्षकप्रतीत त्याच जागी उत्तर यायचं असतं. दोन्ही प्रतींची पानं जुळली पाहिजेत. नाहीतर वर्गात ‘पान तीन काढा’ म्हटल्यावर मास्तरांच्या हातात चौथा प्रश्न आणि पोरांच्या हातात सहावा. ‘एक्झाम’मध्ये ठरावीक उंचीची चौकट मागता येते. मुलांच्या प्रतीत ती रिकामी राहते, शिक्षकप्रतीत भरते, उंची तीच. रेघाही मागता येतात. तिसरी-चौथीच्या पोराचं अक्षर मोठं, तेव्हा दोन रेघांत सेंटिमीटरभर अंतर हवं. यंत्राचं ठरलेलं अंतर मोठ्यांच्या अक्षराचं असतं, ते पुरत नाही.

प्रश्न एका पानावर आणि त्याचे पर्याय दुसऱ्या पानावर, हे टाळायला प्रश्न एका अखंड ठोकळ्यात बांधतात. पूर्ण उकल मात्र ठोकळ्यात बांधू नये, ती लांब असते, आणि पानाखाली अर्धा कागद कोरा राहतो. आकृतीबद्दल एक सावधगिरी. लाटेकला आकृती ‘तरंगती’ ठेवायची सवय आहे, जिथे जागा मिळेल तिथे ती जाऊन बसते. लेखात ते चालतं. प्रश्नात आकृती त्या प्रश्नालाच खिळलेली हवी.

आणि कागद पैशाने येतो. चार पानांची चाचणी एका मोठ्या कागदावर पाठपोट काढून मधोमध दुमडली की पिन मारायची गरज नाही. पाचवं पान झालं की खर्च दीडपटीला जातो. शेवटच्या दोन ओळी पाचव्या पानावर जात असतील तर अक्षर बारीक करण्याआधी एखादी उत्तराची चौकट थोडी आखूड करून पाहावी.

मराठीची वेगळी कटकट

जुन्या फाइली कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत असतात. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरं-चिन्हंच असतो, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचं रूप चढवतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की प्रश्नपत्रिका भुताटकीसारखी दिसते. शिवाय बेरीज, भागाकार, कंस यांच्या चिन्हांचे कळपट्टीवरचे मार्ग अक्षरांनी अडवलेले, त्यामुळे गणितात दर चार शब्दांना फॉन्ट बदलावा लागतो. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची आहे आणि देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. जॉनथन क्यू यांनी २००४ मध्ये काढलेलं ‘झीटेक’ युनिकोड मजकूर थेट घेतं, जोडाक्षरंही नीट जुळवतं. आज मराठीत लाटेक करायचं तर झीटेक किंवा त्याच्यासारख्याच लुआटेकनेच. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ पुस्तकी वळणाचा आणि मोफत आहे.

युनिकोडमध्येही एक शब्द तपासूनच पुढे जावं. तो म्हणजे ‘शेतकऱ्याने’. आपल्या शाब्दिक गणितांत दर दुसऱ्या ओळीला येणारा शब्द. यातला अर्धा र आडवा लागतो, रफारासारखा वर चढत नाही. त्यासाठी नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य असं टंकावं लागतं. साधा र टंकला तर ‘शेतकर्याने’ असं चुकीचं उमटतं. काही फॉन्ट बरोबर टंकूनही ते वेडंवाकडं दाखवतात. नवा फॉन्ट घेतला की मी आधी हा एकच शब्द मोठ्या अक्षरात छापून पाहतो.

अंकांचंही एकदा ठरवून टाकावं. माध्यमिकच्या मराठी माध्यमाच्या गणितात आंतरराष्ट्रीय अंक असतात, खालच्या वर्गांत देवनागरी. हा बदल फाइलीत एकाच ठिकाणी करता येईल असा ठेवला तर तोच प्रश्न दोन्हीकडे चालतो.

वर्डवरच राहायचं असेल तर

लाटेक शिकायला वेळ नाही, ही अडचण खोटी नाही. मूळ युक्ती वर्डमध्येही साधते. ‘उत्तर’ नावाची एक परिच्छेद-शैली तयार करा आणि प्रत्येक उत्तराला तीच लावा. त्या शैलीच्या फॉन्टमध्ये ‘हिडन’वर टिचकी मारली की सगळी उत्तरं एकदम गडप, टिचकी काढली की हजर. लपवलेला मजकूर छापायचा की नाही, याची खूण पर्यायांतल्या ‘डिस्प्ले’मध्ये असते, ती एकदा बघून ठेवा. प्रश्नांचे क्रमांक हाताने न टंकता आपोआप येणारे ठेवा. उत्तरसूची मागे वेगळी हवीच असेल तर तिथले क्रमांक प्रश्नांशी क्रॉस-रेफरन्सने जोडा आणि छापण्याआधी कंट्रोल-ए, मग एफ-नऊ दाबा. हे दाबलं नाही तर जुनेच क्रमांक छापले जातात. लिब्रेऑफिसमध्ये उत्तरांचे विभाग करून अट लावून लपवता येतात, आणि ते फुकट आहे. वर्डमध्ये उत्तर लपलं की त्याची जागाही मिटते, म्हणून पानं जुळवायची असतील तर तिथे ठरावीक उंचीचा एका घराचा तक्ता घालून त्यात उत्तर लिहावं.

लपवलेली उत्तरं असलेली वर्डची फाइल मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर मात्र टाकू नये. सातवीतलं पोरगंही ती टिचकी शोधून काढतं. उत्तर पांढऱ्या रंगात लिहून ‘लपवलं’ असं समजणारेही आहेत. त्याची पीडीएफ केली तरी बोटाने निवडून कॉपी केलं की सगळं बाहेर येतं. उत्तरं वगळून पीडीएफ काढली असेल तर तिच्यात ती नसतातच, तीच पाठवावी.

झेरॉक्ससाठी दोन गोष्टी. टेकची ठरलेली रेघ ०.४ पॉइंट जाडीची असते. मूळ प्रतीवर ती देखणी दिसते, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर तुटक होऊन जाते, म्हणून चौकटींना दुप्पट जाडी द्यावी. शिक्षकप्रतीत बरोबर पर्याय लाल रंगात दाखवायची हौस नको, काळ्या-पांढऱ्या प्रतीत लाल आणि काळा सारखेच. ठळक करावा किंवा गोल करावा.

शिक्षकप्रतीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘शिक्षकप्रत’ असं मोठ्या अक्षरात यावं. ‘प्रिंटआन्सर्स’ चालू असेल तरच ते छापलं जाईल अशी अट घालता येते. बाजाराच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात दहा जण उभे असतात, दुकानदार पेनड्राइव्हमधली पहिली दिसेल ती फाइल उघडतो आणि साठ प्रती काढून मोकळा होतो. मी पेनड्राइव्हवर मुलांचीच प्रत नेतो. शिक्षकप्रत शाळेच्या प्रिंटरवर निघते, लाईन असली तर.